दुपारचा खेळ

आमच्या इमारतीतल्या म्हाताऱ्या माणसांना एकाच वाक्याची धास्ती आहे. "चल, शहरात जाऊन गाण्यांचं नाटक बघून येऊ." मुलानं किंवा सुनेनं असं म्हटलं, की आमच्यापैकी कुणालाही पुढचा घास गिळवत नाही.

याला कारण वरच्या मजल्यावरची टायपिस्ट. जन्मभर एका कचेरीत दुसऱ्यांची पत्रं बडवून निवृत्त झालेली बाई. गेल्या वर्षी मुलाबरोबर नाटक बघायला म्हणून शहरात गेली, ती परत आलीच नाही. चांगली धडधाकट आहे, गैरसमज नको. दुपारचा खेळ बघितला, गाणी छान होती म्हणे. बाहेर पडल्यावर मुलगा म्हणाला, "अजून उजेड आहे, चल, तुला एक बाग दाखवतो." बाग होती. बागेला लागून इमारत होती, इमारतीत एक खोली होती आणि खोलीतल्या पलंगावर तिची स्वतःची उशी ठेवलेली होती. हे सगळं तिनंच मला फोनवर सांगितलं. आणखीही एक सांगितलं, की तिथली कचेरी संध्याकाळी बंद होते, त्यानंतर नवीन माणूस आत घेत नाहीत. "म्हणून दुपारचं नाटक काढलं गं त्यानं," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण बाग खरंच चांगली आहे हो." त्यानंतर तिच्या घराचे पडदे बदलले आणि तिथे कुणी दुसरेच लोक राहायला आले.

त्यामुळे माझा मुलगा जेवताना जेव्हा म्हणाला, "आई, दोन-तीन दिवस शहरात जाऊ या. एखादं गाण्यांचं नाटक बघू," तेव्हा मी त्याच्याकडे बघितलंच नाही. मी बघितलं सुनेकडे. ती ताटात बघत होती. झालं, मी मनात म्हटलं, हिचंच डोकं.

माझ्या संशयी स्वभावाबद्दल घरात बरीच थट्टा होते, पण तो स्वभाव मी काही जन्मतः घेऊन आलेले नाही. तो नोकरीत लागला. कपड्यांच्या मोठ्या दुकानात ट्रायल रूमच्या दाराशी स्टूल टाकून मी उभी हयात काढली. बाई आत किती कपडे घेऊन गेली आणि बाहेर किती घेऊन आली, एवढं बघायचं. वाटतं तितकं सोपं नसतं ते. कुणी दोन ब्लाउज अंगावर चढवून वरून स्वतःचा कोट घालतं, कुणी स्कर्ट पर्समध्ये कोंबतं. मला चेहरा बघायची गरज पडायची नाही. मी हात बघायची आणि बॅगा बघायची. संशय आला की एवढंच म्हणायची, "बॅग उघडा." आवाज चढवायचा नाही. निम्म्या बायका तिथेच रडायच्या.

आणि एक गोष्ट नवीन पोरींना शिकवताना मी नेहमी सांगायची. घाबरलेली दिसते ती बहुतेक वेळा चोर नसते. तिला बिचारीला कपडे घट्ट झालेले असतात आणि बाहेर यायची लाज वाटत असते. जी आल्यापासून तुमच्याशी गप्पा मारते, हसते, तुमच्या पोराबाळांची चौकशी करते, तिच्या बॅगेवर नजर ठेवा.

असो. माझी सून चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढते. म्हणजे दिवसभर लोकांच्या डोळ्यांत डोकावायचं काम. घरी आली की तेच माझ्या बाबतीत करते, असं माझं ठाम मत होतं. हिवाळ्यात मी बाथरूममध्ये घसरले होते. फार काही झालं नाही, कोपर सुजलं. आणि एकदा गॅस बारीक करून विसरले, पातेलं करपलं. माणसाच्या हातून होतं. पण तेव्हापासून ही रोज दुपारी जेवायला घरी यायला लागली. आली की आधी स्वयंपाकघरात डोकावणार, शेगडीकडे बघणार, मग बाथरूमच्या फरशीवरून पाय फिरवून बघणार. मला काही कळत नाही असं तिला वाटायचं. मी म्हटलं, बघ बाई, पुरावे गोळा कर.

माझा मुलगा गाद्यांच्या दुकानात विक्रेता आहे. स्वभावानं लाघवी. त्याच्या दुकानात एकदा मी बसले होते तेव्हा त्याचं काम बघितलं. गिऱ्हाईक म्हणतं, नको, महाग आहे, आमची जुनी बरी आहे. हा म्हणतो, "घेऊ नका हो. नुसतं झोपून तर बघा. आवडली नाही तर नको." आणि माणूस बूट काढून आडवं झालं की संपलं, उठताना पावती घेऊनच उठतं. मला मोठा अभिमान वाटला होता त्याचा.

निघायच्या आदल्या दिवशी माझी बॅग भरताना सुनेनं विचारलं, "आई, गोळ्या किती दिवसांच्या घेऊ?" मी म्हटलं, "तूच सांग, किती दिवसांच्या लागणार आहेत?" तिचे कान लाल झाले. मी मनात नोंद केली. मुलगा मात्र पलंगावर बसून हसवत होता. म्हणाला, "आई, तुझी उशी घेऊ का गं? हॉटेलच्या उशा म्हणजे पोत्यात कोंबलेला भुसा. मी या धंद्यातला माणूस आहे, माझं ऐक." उशी म्हटल्यावर मला टायपिस्टची उशी आठवली. पण मग मी स्वतःलाच रागावले. पोरगा आईच्या मानेची काळजी करतोय आणि तू काय बघतेस त्यात? सुनेनं त्याच्या डोक्यात भरवलं असेल फार तर. उशी त्याच्या खांद्यावरच्या बॅगेत गेली.

प्रवासभर मी डोळ्यांत तेल घालून सुनेकडे बघत होते. तिची पर्स तिनं मांडीवरून एकदाही खाली ठेवली नाही. मुलगा खिडकीबाहेरचं काहीबाही दाखवत होता, विनोद सांगत होता, मधूनच मला लिमलेटची गोळी देत होता. लहानपणी मी त्याला द्यायची तशी.

हॉटेलची खोली चौथ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट कुरकुरत होती. माझ्या खोलीत आणि त्यांच्या खोलीत मधलं दार होतं. संध्याकाळी मुलगा खाली गेला, आणि दाराच्या फटीतून मला सुनेचा आवाज आला. ती बहिणीशी फोनवर बोलत होती. दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकू नये हे मला माहीत आहे. मी दाराला कान लावला.

"काहीही करून उद्या दुपारचाच खेळ धरायचा," ती म्हणत होती. "संध्याकाळचा झाला तर सगळंच फिसकटेल. नाही गं, त्यांना नाही सांगता येत. मी बघते कसं ते."

मी पलंगावर येऊन बसले. म्हणजे टायपिस्टचंच सगळं, जसंच्या तसं. दुपारचा खेळ, मग बाग, मग कचेरी बंद व्हायच्या आत सही. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. इतकी वर्षं एका छताखाली राहून, एका शेगडीवरचं जेवून, शेवटी ही मला नाटकाच्या तिकिटावर घालवून देणार. माझं घर मला एकदम डोळ्यांसमोर दिसलं, माझी खिडकीतली खुर्ची, तिचा सैल झालेला हात. मला तिथेच परत जायचं होतं, आणि त्यासाठी एकच गोष्ट करायची होती. दुपारचा खेळ होऊ द्यायचा नाही. संध्याकाळच्या खेळाला गेलं की सुटायला रात्र होणार, रात्री कुणी आत घेत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परतीची गाडी. माझा हिशेब चोख होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौकात गेलो. तिथे सगळ्या थिएटरांची तिकिटं देणारी एकच खिडकी होती आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या भिंती जाहिरातींनी भरल्या होत्या. एका जाहिरातीत समुद्रकिनाऱ्यावर उभ्या असलेल्या बायका होत्या, खलाशी नवऱ्यांची वाट बघणाऱ्या. मी म्हटलं, बुडालेल्या नवऱ्यांसाठी रडायला मी तिकीट काढणार नाही, माझा नवरा घरात वारला तेव्हा फुकटात रडून झालंय. दुसऱ्या जाहिरातीत सर्कस होती, झुले, विदूषक, आगीची कडी. तिसऱ्यात एक म्हातारा घड्याळजी टेबलावर वाकून बसला होता आणि त्याच्या समोरच्या घड्याळातून एक बाई बाहेर डोकावत होती. खरं सांगायचं तर मला तेच बघावंसं वाटलं. त्या म्हाताऱ्याचे हात फार छान काढले होते.

"आई, हे घड्याळजीचं घेऊ या," सून म्हणाली. "याचा दुपारचा खेळ आहे. तुम्हाला आवडेल."

झालं. घड्याळजी माझ्या मनातून उतरला.

"दुपारी मला झोप येते," मी म्हटलं.

"थिएटरात शांत असतं, आई. आणि खुर्च्या चांगल्या आहेत, मी चौकशी केलीये. झोप आली तर झोपा."

"झोपायला नाटकाला कशाला जायचं? मुलाच्या दुकानात जाईन."

मुलगा मोठ्यानं हसला. "बघ! आईला सर्कस आवडेल. गंमत असते. संध्याकाळी निवांत जाऊ."

"सर्कशीत फार आवाज असतो," सून म्हणाली. "त्यांचं डोकं दुखतं आवाजानं. तुला माहितीये."

"माझ्या डोक्याचं मी बघेन," मी म्हटलं.

"आई, प्लीज. माझं ऐका ना एकदा. दुपारचं घेऊ या."

तिनं माझा हात धरला. तिचा तळवा घामानं ओला होता. सकाळच्या थंडीत ओला तळवा. मी तो हात असा बघितला जसा नोकरीत बघायची, आणि मनात म्हटलं, सापडलीस. मी माझा हात सोडवून घेतला. रांगेतली माणसं आमच्याकडे बघत होती. एका बाईनं तर आपली जागा सोडून थोडं पुढे येऊन ऐकायला सुरुवात केली होती.

"तुला एवढी दुपारचीच घाई का गं?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

तिनं नवऱ्याकडे बघितलं. त्यानं खांदे उडवले आणि जाहिरातीतल्या विदूषकाकडे बघत राहिला.

खिडकीतली बाई पेपरमिंट चघळत होती. "लवकर ठरवा," ती काचेमागून म्हणाली. "मागे रांग आहे."

"सर्कस," मी म्हटलं. "संध्याकाळची. तीन."

मुलानं पैसे आधीच काढून ठेवले होते. तिकिटं हातात पडली तेव्हा मला लढाई जिंकल्यासारखं वाटलं. मला सर्कस आवडत नाही. विदूषकांची तर मला लहानपणापासून शिसारी येते. पण तिकीट संध्याकाळचं होतं. मी ते स्वतः वाचून बघितलं आणि माझ्या पाकिटात ठेवलं.

आम्ही रांगेतून बाजूला झालो. मुलानं माझ्या खांद्यावर हात टाकला. तो अगदी खुशीत होता, शीळ घालत होता.

"बरं झालं बघ, आई," तो म्हणाला. "आता दुपार मोकळी मिळाली. चल, तोवर तुला एक बाग दाखवतो."

मी चालता चालता थांबले.

सगळं लक्षात यायला मला फार वेळ लागला नाही, आणि तरीही तेवढ्या वेळात मी एकदम म्हातारी झाले असं मला वाटलं. मी खेळानंतरचाच विचार केला होता. खेळाच्या आधीची दुपार माझ्या डोक्यातच आली नव्हती. मी सुनेकडे बघितलं. ती पर्स छातीशी धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. दुपारी मी थिएटरात अंधारात बसलेली असते, तर मला कुणी कुठेही नेऊ शकलं नसतं. म्हणून ती भांडत होती. आणि मी माझ्या हुशारीनं ती दुपार रिकामी करून मुलाच्या हातात दिली होती.

"कुठली बाग?" मी विचारलं.

"आहे एक. जवळच आहे. मोठी झाडं आहेत, बाकं आहेत, तुझ्या वयाची माणसं आहेत गप्पा मारायला. तू नुसतं बघून तर घे, आई. आवडलं नाही तर नको."

हेच ते वाक्य. दुकानातलं, जसंच्या तसं. आवाजही तोच, मऊ. तीन दिवस हा माझ्याशी गप्पा मारत होता, मला हसवत होता, लिमलेटच्या गोळ्या देत होता. मी कितीतरी पोरींना शिकवलेलं मला माझ्याच पोटच्या पोरासमोर आठवलं नव्हतं. त्याची ती खांद्यावरची बॅग सकाळपासून त्याच्या खांद्यावर होती. हॉटेलातून निघताना मी विचारलं, तर छत्री आहे म्हणाला होता. आभाळात एक ढग नव्हता. मी हात लांब करून बॅग दाबली. मऊ होती.

"बॅग उघड," मी म्हटलं.

"आई, अगं..."

"बॅग उघड."

मी आवाज चढवला नाही. त्यानं बॅग उघडली. आत माझी उशी होती, निळ्या फुलांच्या अभ्र्यातली, एका कोपऱ्याला मीच टाके घातलेली.

त्या चौकात, एवढ्या लोकांत, मला फार दुखलं. सून पुढे आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. तिनं मला हात लावला नाही, मघाशी मी तो झटकला होता म्हणून असेल.

मुलगा भडाभडा बोलायला लागला. तू दिवसभर एकटी असतेस. पडलीस तेव्हा किती वेळ तशीच होतीस, ते आम्हाला नंतर कळलं. गॅस राहिला तेव्हा पूर्ण घर पेटलं असतं. कामावर माझं लक्ष लागत नाही, फोन वाजला की छातीत धस्स होतं. खोली एकच रिकामी आहे, आज दुपारचीच वेळ दिलीये, नाही गेलो तर दुसऱ्या कुणाला देतील, आणि माणूस बघितल्याशिवाय ते देत नाहीत. खूप चांगली जागा आहे, आई, शपथ. बोलता बोलता तोही रडायला आला. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच भीती वाटत होती, आणि ती भीती त्याला कुठेतरी ठेवून मोकळं व्हायचं होतं. मला त्याचा राग आला आणि दयाही आली, पण राग जास्त आला.

"मला विचारलं असतंस," मी म्हटलं.

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणूनच विचारतात माणसांना. नाही म्हणता यावं म्हणून."

मी त्याच्या बॅगेतून उशी काढली, काखेत मारली आणि परत खिडकीशी गेले. रांगेतल्या त्या ऐकणाऱ्या बाईनं मला आपण होऊन पुढे जाऊ दिलं.

"घड्याळजीचं," मी काचेतून म्हटलं. "दुपारची दोन."

पेपरमिंटवालीनं माझ्या उशीकडे बघितलं. "तीन माणसं आहात ना?"

"दोघीच. त्याला बाग बघायचीये."

तिकिटं घेऊन मी मुलाकडे वळले. तो तिथेच उभा होता, उघड्या बॅगेसकट. इतका मोठा झाला तरी उभा राहतो तसाच, एक पाय आत वळवून.

"जा," मी त्याला म्हटलं. "खोली बघून ये. नुसतं झोपून तर बघ. आवडली नाही तर नको."

मग मी सुनेला म्हटलं, "चल गं," आणि आम्ही निघालो. मागे वळून बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण रस्ता ओलांडताना बघितलं. तो चौकातल्या कठड्यावर बसला होता. बागेकडे काही तो गेला नव्हता.

दुपारी थिएटरच्या दारात तिकीट बघणाऱ्या माणसानं उशीला हरकत घेतली. आत सामान नेता येत नाही म्हणाला. सून म्हणाली, "त्यांच्या पाठीला लागते." इतक्या सहज थाप मारली की मला कौतुक वाटलं. त्यानं सोडलं. आमच्या खुर्च्या मधल्या रांगेत होत्या, आणि तिनं सांगितल्याप्रमाणे खरंच चांगल्या होत्या. मी उशी मांडीवर घेऊन बसले.

पडदा अजून वर गेला नव्हता. आजूबाजूला लोक कोट काढत होते, खुर्च्या शोधत होते. मी तिच्याकडे न बघता विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"महिनाभर. मी खूप भांडले, आई. मी म्हटलं, आधी त्यांना सांग. तो म्हणाला, सांगितलं तर ती गाडीतच बसणार नाही. मी दुपारी घरी येते ना, मी बघते, असंही म्हटलं. तो म्हणाला, किती दिवस बघशील?"

म्हणजे ती शेगडी. ती बाथरूमची फरशी. दुकानातून धावत यायची, उभ्या उभ्या दोन घास खायची आणि परत जायची. आणि मी तिला सांगायची, रोज रोज कशाला येतेस, तुझ्यावाचून काही अडत नाही.

"मग मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. आवाज जरा कडकच आला. सवय.

तिनं पर्सचा बंद उघडला, बंद केला. "तुम्हाला सांगितलं असतं की तुमचा मुलगा असं करतोय," ती म्हणाली, "तर तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला असता?"

समोरचा पडदा लाल होता, त्याला खाली सोनेरी झालर होती, आणि मी त्या झालरीकडेच बघत राहिले. तेवढ्यात वाद्यं सुरू झाली.

नाटक चांगलं होतं. म्हातारा घड्याळजी शहरातली सगळी घड्याळं दुरुस्त करतो, पण त्याच्या स्वतःच्या घरातलं एक घड्याळ उघडायचं धाडस त्याला होत नाही. गाणाऱ्याचा आवाज जाड, खरखरीत होता, मला तसाच आवडतो. काही गाणी मी ऐकली, काहींच्या वेळी माझं लक्ष दुसरीकडे होतं. मध्येच मला टायपिस्टची आठवण आली. ती याच शहरात होती आणि तिला भेटायला जायचा विचारही मी केला नव्हता, तिची बाग बघायच्या भीतीनं. मी सुनेच्या कानाशी वाकून म्हटलं, "उद्या सकाळी गाडीच्या आधी एका बाईला भेटायचंय." तिनं मान हलवली. कोणाला, कशाला, काही विचारलं नाही.

मध्यंतरात ती उठली. "चहा आणते," म्हणाली, आणि तिची पर्स माझ्या मांडीवर, उशीवर, ठेवून गेली. दोन दिवस तिनं जी हातातून सोडली नव्हती ती. आत काय आहे याबद्दल माझ्या मनात काय काय येऊन गेलं होतं, ते सांगायची आता मला लाज वाटते. बंद अर्धवट उघडा होता. मी तो लावून टाकला.

बाहेर गर्दी असावी. लोक परत येऊन बसायला लागले, घंटा झाली, ती आली नाही. मग दिवे मंदावले. शेजारची खुर्ची रिकामी होती. मला माहीत होतं की ती चहाच्या रांगेत असेल, तिची पर्स माझ्याकडे होती, आणि तरीही अंधार झाला तसा माझा जीव वरखाली व्हायला लागला. टायपिस्टचंही असंच झालं असेल का, कुणाची तरी वाट बघत बसल्यावर? मी दाराकडे वळून बघणार होते. मान अर्धी वळलीही होती. मग मी ती सरळ केली आणि उशी घट्ट धरून स्टेजकडे बघत बसले. तिथे म्हातारा शेवटी ते घड्याळ उघडायला बसला होता.

रांगेच्या टोकाला कुजबुज झाली. गुडघ्यांवरून, पायांवरून कुणीतरी सरकत येत होतं, सॉरी सॉरी म्हणत. माझ्यापाशी पोचताना तिचा पाय कुणाच्या तरी छत्रीला अडकला आणि अर्धा कप गरम चहा उशीवर सांडला.

"अगं बाई!" ती अंधारात कळवळली. "भाजलं का? आई, सॉरी. अभ्रा खराब झाला."

"असू दे," मी म्हटलं.

"घरी गेल्या गेल्या धुते," ती म्हणाली, आणि उरलेला चहा तिनं माझ्या हातात दिला.